माय काय म्हणाली?

बाळंतपणाच्या वॉर्डात पोरीचं वय विचारलं की उत्तर पोरगी देत नाही, तिच्यासोबतची बाई देते. उत्तरही ठरलेलं असतं, ‘एकोणीस पूर्ण.’ आधार कार्डावरही तेच असतं, कारण कार्ड काढताना जन्मतारीख तोंडी सांगितलेली असते. शाळेचा दाखला मागितला तर तो घरी राहिलेला असतो. पोरगी खाटेवर मान खाली घालून बसलेली असते आणि आपलं वय दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकत असते.

मी बीड जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात समुपदेशक आहे. माझ्या खोलीवर ‘मैत्री क्लिनिक’ अशी पाटी आहे. पाळीच्या तक्रारी, रक्त कमी असणं, अभ्यासाचं दडपण, अशा गोष्टी वयात येणाऱ्या मुलामुलींनी मोकळेपणानं बोलाव्यात म्हणून ही खोली. तशा मुलीही येतात. पण खोलीत येणाऱ्या बऱ्याच पोरींच्या मांडीवर लेकरू असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 21.9 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. बीड जिल्ह्यात हे प्रमाण 44 टक्क्यांच्या घरात होतं. राज्यात 15 ते 19 वयाच्या दर शंभर मुलींमागे सात-आठ जणी आई झालेल्या होत्या किंवा गरोदर होत्या.

या पोरींशी बोलताना एक गोष्ट मला सुरुवातीला कोड्यात टाकायची. नवऱ्यानं मारलं का, असं विचारलं की त्या ‘हो’ म्हणतात. कशानं? ‘हातानं. एकदा चार्जरच्या वायरनं.’ कधी? ‘भाजीत मीठ पडलं तवा. फोन आला तवा. काही न्हाई झालं तरी.’ आवाज सपाट असतो. बाजारातल्या भाजीचा भाव सांगावा तसं हे सांगून होतं. डोळ्यांत पाणी येतं ते पुढच्या प्रश्नाला: ‘मग मायला सांगितलंस का?’ इथं पोरगी बोलायची थांबते, पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहते आणि रडायला लागते.

नवऱ्याचा मार तिला अपेक्षित होता म्हटलं तरी चालेल. लहानपणापासून तिनं तो घरोघरी पाहिलेला असतो. आईचं उत्तर मात्र तिला अपेक्षित नव्हतं. ‘कुणाला मारत न्हाईत गं?’ ‘लेकरू झालं की सुधरंल.’ ‘तुझ्या पाठी अजून दोघी उजवायच्या हायत.’ किंवा नुसतंच, ‘नांद बाई.’ मार खाल्लेल्या जागा काही दिवसांनी दुखायच्या थांबतात. हे वाक्य थांबत नाही. आईला सांगून उपयोग नाही हे एकदा कळलं की पोरगी कुणालाच काही सांगायचं सोडते. बहिणीला नाही, आशाताईला नाही, दवाखान्यातल्या डॉक्टरांना तर नाहीच. घरातल्या हिंसेचा हिशोब आपण नवरा-बायकोपुरता मांडतो. माझ्या खोलीत बसलं की दिसतं, तिचा पहिला घाव मायलेकीच्या नात्यावर पडलेला असतो आणि बाकीची नाती त्याच भेगेतून तडकत जातात.

या आया दगडाच्या काळजाच्या असतात असं मात्र कुणी समजू नये. एकदा एका पोरीच्या आईला वॉर्डाबाहेरच्या बाकावर गाठलं. नात झालेली, पण बाई स्वतः पस्तिशीच्या अलीकडची. हाताच्या तळव्यांना कोयत्यानं पडलेले घट्टे. मी लेकीच्या पाठीवरच्या वळांबद्दल विचारलं, तशी ती माझ्यावरच उसळली. ‘मॅडम, म्या बी खाल्लाय मार. पोटात ही असताना खाल्लाय. मला कोन इचारलं तवा?’ मग जरा वेळानं आवाज उतरला. ‘आणू की घरी. पण आणून ठिवू कुठं? उचल घेतलीया जावयानं. ही आली तर अर्धा कोयता पडतो. मुकादम कोनाच्या दारात येईल? आमच्याच.’

ऊसतोडीचं गणित ठाऊक नसणाऱ्यांसाठी एवढं सांगते. टोळीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस अर्धा कोयता. हंगामापूर्वी मुकादम जोडीच्या नावावर उचल देतो आणि ती ऊस तोडून फेडायची असते. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. वयात आलेली पोरगी मागं गावात ठेवायची तर तिच्याकडे लक्ष कोण देणार, आणि फडावर सोबत न्यायची तर उघड्यावरच्या कोपीत तिला सांभाळायचं कसं, या काळजीनं लग्न लवकर उरकतात. लग्न झालं की लगेच एक नवा कोयता तयार होतो. म्हणजे पोरीचा संसार मोडला तर दोन माणसांचं भांडण मिटत नाही, एक कर्ज उघडं पडतं. ‘नांद’ म्हणणाऱ्या आईच्या मनात हा सगळा हिशोब असतो. लेकीला त्यातलं काहीच ऐकू येत नाही. तिला एवढंच ऐकू येतं की आईनं दार लावलं.

अशा वेळी मला हटकून डॉ. रखमाबाई आठवतात. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी मोठेपणी नांदायला जायचं नाकारलं. नवऱ्यानं 1884 मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. 1887 मध्ये न्यायालयानं सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तुरुंग पत्करीन, पण नांदणार नाही, असं त्या म्हणाल्या. पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि पुढं त्या डॉक्टर झाल्या. ही गोष्ट आपण एका मुलीच्या धैर्याची म्हणून सांगतो. ती आहेच. पण त्यात आणखी एक धागा आहे. आई जयंतीबाई स्वतः लहानपणी लग्न होऊन सतराव्या वर्षी विधवा झालेल्या. पुढं त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केलं आणि सावत्र बापाच्या या घरात रखमाबाई वाढल्या, शिकल्या. तेच घर त्यांच्या पाठीशी उभं राहिलं. रखमाबाईंच्या विरोधात कायदा होता, पण राहायला घर होतं. माझ्याकडे येणाऱ्या पोरींच्या बाजूनं आज कायदे आहेत, घर नाही.

कायदे खरोखरच आहेत. बालविवाह प्रतिबंध कायदा 2006 चा. त्यानुसार अल्पवयात लग्न झालेल्या मुलीला सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत ते रद्द करून मागता येतं, पोटगी मिळू शकते आणि त्या लग्नातून झालेलं मूल औरसच मानलं जातं. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा 2005 चा, आणि संरक्षण अधिकारी जिल्ह्यात बसतात. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर 2017 च्या निकालानंतर अठराच्या आतल्या पत्नीशी शरीरसंबंध हा बलात्कार ठरतो. नव्या न्याय संहितेतही तेच आहे. अशी मुलगी आमच्याकडे आली की पॉक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवणं आम्हाला बंधनकारक आहे. आम्ही कळवतो. कळवायलाच हवं. लपवलं तर पुढच्या बहिणीचंही लग्न पंधराव्या वर्षी लागतं.

पण कळवल्यानंतर तिच्या नात्यांचं काय होतं, हेही पाहायला हवं. पळून जाऊन लग्न केलेली एक पोरगी होती. माहेर तर तिनं स्वतःच्या पायानं सोडलेलं. नवरा विशीतला, संशयी. तिचा फोन त्यानं फोडला, मैत्रिणींना तिच्याच नावानं शिवीगाळीचे मेसेज पाठवले, म्हणून त्याही तुटल्या. मार पडला तरी सांगायचं कुणाला? ‘तूच केलंस, आता भोग’ हे तर बाप आधीच बोलून बसला होता. बाळंतपणात वय उघड झालं, गुन्हा दाखल झाला, नवऱ्याला अटक झाली. सासू वॉर्डाच्या दारात येऊन ओरडली, ‘माझ्या पोराला गिळलंस.’ पोरगी बालकल्याण समितीसमोर गेली तेव्हा तिच्या बाजूला बसायला नात्यातलं एकही माणूस नव्हतं. मला ती म्हणाली, ‘ताई, त्यो मारत व्हता. पर रातीला लेकरू रडलं तर उठून पानी बी त्योच देत व्हता.’ हे वाक्य ऐकून काही जण कपाळावर हात मारतात. मला त्यात मूर्खपणा दिसत नाही. तिच्या आयुष्यात उठून पाणी देणारं तेवढं एकच माणूस उरलं होतं आणि मारणाराही तोच होता. मारणाऱ्याला सोड, असं आपण सहज सांगतो. सोडल्यावर पाणी कोण देणार, याचं उत्तर आपल्याजवळ असायला हवं.

सासरच्या बायकांबद्दल ठोकळेबाज बोलायचं मी आता सोडून दिलं आहे. काही सासवा पोराला चिथावतात, हे खरं. बाळ झाल्यावर ते ताब्यात घेतात: न्हाऊ घालणार आजी, घुटी देणार आजी, नाव ठेवणार आत्या. आईनं फक्त पाजायचं आणि परत द्यायचं. ‘जायचं तर जा, लेकरू ठेवून जा’ ही धमकी मी ज्या घरात ऐकली नाही असं घर विरळा. पाच वर्षांच्या आतलं मूल सहसा आईजवळच राहावं असं हिंदू कायदा सांगतो, हे या पोरींना कुणी सांगितलेलंच नसतं. ते सांगितलं की पहिल्यांदा त्या मान वर करून बघतात. पण याच घरांत एखादी जाऊ असते, जी रात्री भाकरी झाकून ठेवते. स्वतःच्या ब्लाऊजमध्ये फोन लपवून ‘बोल मायशी, पाच मिनिटं’ म्हणते. एका पोरीला दवाखान्यात आणलं होतं ते जावेनं, सासूला ‘लेकराचं इंजेक्शन हाय’ अशी थाप मारून.

दवाखान्याचं हे महत्त्व मोठ्या शहरांनी आधी ओळखलं. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 साली ‘सेहत’ संस्था आणि महापालिका यांनी मिळून ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं, त्यामागचा विचार साधा होता. पोलीस ठाण्यात जायला बाईला परवानगी मिळत नाही, दवाखान्यात जायला मिळते. आमच्याकडे तर ती लेकराच्या लसीसाठी मिळतेच. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, या तारखा माझ्यासाठीही तेवढ्याच महत्त्वाच्या असतात.

आता लेकराबद्दल. नवजात बालकांच्या कक्षात वजन कमी असलेल्या बाळांना आईच्या छातीशी, अंगाला अंग लावून ठेवतात. तिथं एक सतरा वर्षांची पोरगी होती. बाळ रडलं की ती आधी बाळाकडे बघायची नाही. दाराकडे बघायची, मग शेजारच्या खाटेवरच्या बाईकडे, मग सिस्टरकडे, आणि सगळ्यांचे चेहरे पाहून झाल्यावर बाळाकडे. कधी कधी त्याच्या तोंडावर हलकेच हात ठेवायची. ‘काळीज न्हाई ह्या पोरीला’, शेजारची बाई म्हणाली. काळीज होतं. पण घरी बाळ रडलं की नवरा उठायचा आणि हात उगारायचा. तीन आठवड्यांत ती शिकली होती की बाळाचं रडणं ही बाळाची भूक नसून आपल्यावर येणाऱ्या मारापूर्वीची सूचना आहे. बाळाला काय हवं ते ओळखण्याआधी आजूबाजूला कोण चिडलं आहे ते ओळखणं तिला भाग होतं. पुस्तकात मायलेकरांची ओढ आपोआप जुळते असं वाचलेलं असतं. ती जुळायलाही निर्धास्तपणा लागतो. जिचं सगळं लक्ष मोठ्या माणसांच्या भुवयांवर गुंतलेलं आहे, तिच्याजवळ लेकराच्या चेहऱ्यासाठी फारसं उरत नाही.

त्या कक्षात पुरुषांना आत सोडत नाहीत, ही गोष्ट औषधासारखी उपयोगी पडली. काही दिवस कुणी ओरडलं नाही. बाळ छातीवर झोपायचं, रडायचं, प्यायचं, परत झोपायचं. हळूहळू दाराकडे बघणं कमी झालं. एका दुपारी बाळ किरकिरलं आणि तिनं कुठंही न बघता त्याला जवळ घेतलं, वर मलाच सांगितलं, ‘याला शी झाली की असं करतो.’ लेकराच्या रडण्यातला फरक तिला कळायला लागला होता. एवढ्या साध्या गोष्टीसाठी तिला मार पडणार नाही अशी एक खोली लागली होती.

समुपदेशक म्हणून माझी जागाही या नात्यांहून वेगळी नाही. या पोरी मला खूश ठेवायला बघतात. मी कपाळाला आठी घातली की उत्तर बदलतात. ‘तक्रार करायची का?’ विचारलं तर माझा चेहरा वाचून ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणतात. घरात जे करून त्या वाचल्या, तेच माझ्यापाशी करतात. म्हणून मी सल्ला उशिरा देते. पहिल्या भेटीत वय, कायदा, पोलीस यांबद्दल मला काय करावंच लागेल ते आधीच स्पष्ट सांगते, म्हणजे मागाहून दगा झाला असं वाटत नाही. आणि सगळ्यांना एक प्रश्न विचारते. आजारी पडलीस तर तुझ्याजवळ कोण येऊन बसेल? नाव येईपर्यंत थांबते. कधी आत्या निघते, कधी जाऊ, कधी शाळेतल्या बाई. बऱ्याचदा, बरंच टाळून झाल्यावर, नाव मायचंच निघतं.

म्हणून आता माझं अर्धं काम मायशी असतं. पहिलं बाळंतपण माहेरी होण्याची आपल्याकडची रीत इथं फार उपयोगी पडते. सव्वा महिना पोरगी आईजवळ असते. दोघी एका खोलीत, तेल-शेगडीच्या निमित्तानं पाठ उघडी पडते, वळ दिसतात. सासरचे न्यायला येईपर्यंत जे व्हायचं ते याच दिवसांत होतं. मी आईला एकटीला बोलावते. लेकीची बाजू मांडत नाही. तिचं स्वतःचं लग्न कधी झालं, पहिल्या खेपेला कुणी सांभाळलं, मार पडला तेव्हा कुणाकडे गेलीस, हे विचारते. या बायकांना हे कुणी कधी विचारलेलं नसतं. त्या बाकावर उसळलेली बाई दुसऱ्यांदा आली तेव्हा म्हणाली, ‘माझ्या मायनं मला परत धाडलं, तवापासून म्या तिच्याशी मनापासून बोलले न्हाई. ती मेली तरी न्हाई बोलले.’ लेकीचं काय होणार आहे, हे मग मला वेगळं सांगावं लागलं नाही.

त्या बाईनं जावयाच्या माणसांना सांगितलं, लेकरू सहा महिन्यांचं झाल्याशिवाय पोरगी फडावर येणार नाही. मुकादमानं आरडाओरडा केला. उचलीचा काही भाग तिच्या माणसानं पुढच्या हंगामात अंगावर घेतला. धाकटीचं ठरलेलं लग्न त्या वर्षी लांबलं, आणि लोक बोलले. या सगळ्याची किंमत त्या घरानं मोजली. ती त्यांना कुणी भरून दिली नाही, सरकारनं तर नाहीच. मातृ वंदना योजनेतले पाच हजार रुपयेसुद्धा अठराच्या आतल्या आईला मिळत नाहीत. वयाची अट बालविवाह रोखण्यासाठी असेल, पण लग्न लागून गेलेल्या पोरीच्या हातात त्यामुळं आणखी एक खोटं वय येतं.

आमच्याकडच्या समेटाच्या बैठकांत, मग त्या पंचांच्या असोत की कार्यालयातल्या, शेवटी एकच गोष्ट नोंदवली जाते: नांदायला गेली की नाही. गेली म्हणजे प्रकरण मिटलं. त्या बाईची पोरगीही पुढं गेली नांदायला. स्वतःच्या मर्जीनं गेली, कारण तिला तो संसार हवा होता आणि नवऱ्यानंही शब्द दिला होता. मार थांबला का, असं मला विचारतात. पूर्ण थांबला नाही. पण पूर्वी ती पाठीवर वळ उठेपर्यंत आणि नंतरही गप्प बसायची. आता पहिल्या थपडेला लेकरू कडेवर घेऊन एसटी गाठते. 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, तेवढे पैसे तिच्याजवळ असतात. नवऱ्यालाही माहीत आहे की ती निघते आणि पलीकडे दार उघडतं. त्यामुळं त्याचा हात आवरतो, जितका आवरतो तितका. तो पूर्ण आवरण्यासाठी पोलीस हवेत, संरक्षण अधिकारी हवेत, उचलीतून सुटायची वाट हवी, आणि सोळाव्या वर्षी लग्नच लागू नये हे तर सगळ्यात आधी हवं. पण हे सारं येईपर्यंत मधल्या काळात जगायचं आहे ते या पोरींना. म्हणून माझ्या नोंदवहीत मी ‘नांदायला गेली’च्या शेजारी माझ्यापुरता एक रकाना आखून घेतला आहे: परत यायला घर आहे का, आणि त्या घरात कोण आहे. तो रिकामा असेल तर प्रकरण मिटलेलं नाही, मग वरिष्ठांच्या अहवालात काहीही लिहिलेलं असो.